लिंगभाव संक्रमणात केस काढण्याची पद्धत कशी निवडावी

केस काढण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा ‘लेसर बरे की इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेच्या सुईने एकेक केस काढणे’ असा येतो. माझ्या मते तो थोडा पुढचा प्रश्न आहे. आधी ठरवायचे ते हे, की शरीराच्या कोणत्या भागावरचे केस जायला हवेत, कशासाठी आणि कधीपर्यंत. चेहऱ्यावरची दाढी, छाती-पाठ-पायांवरचे केस आणि पुढे शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या त्वचेवरचे केस, या तिन्हींचे गणित वेगवेगळे आहे. प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा, लागू पडणारी पद्धत निराळी, आणि क्रम चुकला तर हाताशी असलेले पैसे ज्या भागावर खर्च व्हायला नकोत तिथेच संपतात. पुढील विवेचन मुख्यतः ट्रान्स स्त्रियांना (जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या स्त्रियांना) आणि स्त्रीत्वाकडे जाणाऱ्या नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या, व्यक्तींना उद्देशून आहे. ट्रान्स पुरुषांना ज्या टप्प्यावर या विषयाची गरज पडते, त्याचा विचार शस्त्रक्रियेच्या भागात केला आहे. अंगावरचे केस काढणे ही संक्रमणाची अट नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो. ज्यांना ते खुपत नाहीत त्यांनी केवळ इतरांच्या नजरेखातर वेदना आणि खर्च सोसण्याचे कारण नाही.

संप्रेरकांवर किती विसंबावे

वयात येताना टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन यांच्या प्रभावाने चेहऱ्यावरची आणि अंगावरची मऊ लव राठ, काळ्या केसांत बदलते. हा बदल दाढीच्या बाबतीत जवळजवळ एकाच दिशेने होतो. पुढे इस्ट्रोजेन आणि त्याबरोबर टेस्टोस्टेरॉन रोखणारी औषधे सुरू केली, तरी एकदा राठ झालेले दाढीचे मूळ पुन्हा लवेकडे परतत नाही. केस थोडे सावकाश वाढतात, किंचित बारीक होतात, पण राहतात. छाती, पोट, मांड्या आणि दंड यांवरचे केस मात्र औषधांना अधिक प्रतिसाद देतात. साधारण सहा महिने ते वर्षभरात ते विरळ आणि मऊ होऊ लागतात आणि ही सुधारणा तीन वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही पुढे चालू राहते.

यातून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. दाढीसाठी संप्रेरकांची (हार्मोनच्या औषधांची) वाट पाहण्यात काहीच लाभ नाही. तो उपचार संप्रेरके सुरू होण्यापूर्वीही करता येतो, आणि ज्यांनी अजून घरी किंवा नोकरीच्या ठिकाणी काही सांगितलेले नाही त्यांनाही तो सुरू करता येतो, कारण दाढी हळूहळू विरळ होणे कोणाच्या फारसे डोळ्यांवर येत नाही. अंगावरच्या केसांसाठी मात्र शक्य असल्यास संप्रेरकांचे निदान पहिले वर्ष जाऊ द्यावे आणि मग जे उरतील तेवढ्यांवरच पैसे घालावेत. विशीतल्या व्यक्तीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण छाती, खांदे आणि पाठ यांवर नवे केस येण्याची क्रिया तिशीपर्यंत व त्यापुढेही चालू असते. टेस्टोस्टेरॉनची पातळी पूर्ववत असताना पाठीवर लेसर केले तर आजचे केस जातात आणि उद्याची लव राठ होत राहते. तरीही आरशात छाती पाहणे असह्य होत असेल, तर ‘वर्षभर थांबा’ हा सल्ला कोरडा ठरतो. अशा वेळी मधल्या काळासाठी ट्रिमर आणि रेझर यांचा निःसंकोच वापर करावा.

केस कमी व्हावेत म्हणून स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन यांसारख्या गोळ्या ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून आणून स्वतःच सुरू करणे धोक्याचे आहे. पहिल्या औषधाने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, दुसऱ्याचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, आणि दोन्हींसाठी रक्ततपासण्या आवश्यक असतात. शिवाय दाढीवर त्यांचा उपयोग किती मर्यादित आहे हे वर आलेच आहे.

उपचार सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या कपाटातील ट्यूब आणि बाटल्या एकदा तपासाव्यात. डोक्यावरचे केस वाढावेत म्हणून मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांच्या कपाळावर आणि गालांवर ते ओघळून तिथे लव वाढते. त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या तर अंगभर वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे गोरेपणासाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे. महिनोन्‌महिने लावल्यास त्यांनी चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लालसर होते आणि त्यावर केस वाढतात. अशा त्वचेवर लेसर मारणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण. आधी त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते मलम सोडवावे लागते.

रोजच्या वापरातले उपाय

‘वस्तरा लावला की केस राठ होतात’ ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे आणि ती खरी नाही. वस्तरा त्वचेच्या वरचा केस कापतो, मुळाला स्पर्श करत नाही. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, इतकेच. कायमचा उपचार चालू असताना रेझर हाच सर्वांत निरुपद्रवी सोबती आहे. कोमट पाण्याने केस मऊ करून, फेस लावून, केसांच्या वाढीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा. उलट दिशेने अगदी गुळगुळीत करण्याच्या हट्टापायी, विशेषतः हनुवटीखाली आणि गळ्यावर, कुरळा केस त्वचेच्या आतच वळतो, तिथे फोड येतो आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर त्या प्रत्येक फोडाचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. दाढी करूनही दिसणारी करडी-निळसर छाया झाकण्यासाठी फाउंडेशनखाली नारिंगी छटेचा करेक्टर वापरला जातो. लेसरची पहिली काही सत्रे होईपर्यंत त्याचा चांगला आधार होतो.

केस विरघळवणारी क्रीम थायोग्लायकोलेट या रसायनावर चालतात. हातापायांसाठी ती ठीक आहेत. दाढीच्या जाड केसांवर मात्र ती सांगितलेल्या वेळेत पुरेशी काम करत नाहीत, आणि वेळ वाढवली की त्वचा भाजते. जांघेत आणि जननेंद्रियांच्या नाजूक त्वचेवर ती लावू नयेत. नवे क्रीम आणल्यावर आधी मनगटाजवळ लहानशा भागावर लावून एक दिवस वाट पाहावी.

वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि चिमट्याने उपटणे यांत केस मुळासकट निघतो, त्यामुळे दोन-चार आठवडे त्वचा मऊ राहते. तृतीयपंथी समाजात चिमट्याने दाढी उपटण्याची रीत जुनी आहे; ज्या काळात दुसरा उपाय हाताशी नव्हता त्या काळात तिने अनेकींना निभावून नेले. पण वर्षानुवर्षे उपटल्याने केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग होतो, काही मुळे वाकडी होतात, हनुवटीवर गाठी आणि डाग उरतात, आणि अशा वाकड्या मुळापर्यंत नंतर सुई नेणेही कठीण जाते. आणखी महत्त्वाचे असे, की लेसरला काम करण्यासाठी मुळाशी काळा केस असावाच लागतो. म्हणून लेसर घ्यायचे ठरले की पहिल्या सत्रापूर्वी चार ते सहा आठवडे आणि उपचार संपेपर्यंत उपटण्याचे सगळे प्रकार बंद ठेवावे लागतात. चालतो तो फक्त रेझर किंवा ट्रिमर. ज्यांना रोज चिमटा घेऊन बसायची सवय आहे त्यांना हे पथ्य लेसरच्या वेदनेपेक्षा जड जाते.

एफ्लोर्निथिन नावाचे १३.९ टक्के तीव्रतेचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते. ते दिवसातून दोनदा लावल्यास चेहऱ्यावरच्या केसांची वाढ मंदावते. परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात आणि लावणे थांबवले की सुमारे दोन महिन्यांत पूर्वस्थिती येते. घट्ट दाढीवर एकट्याने ते पुरेसे नाही. हळद-बेसनाच्या उटण्याबद्दल एवढेच, की त्याने त्वचा स्वच्छ होते, दाढी जात नाही.

लेसर

लेसरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, शोषून घेते. त्याची उष्णता होते आणि ती उष्णता मुळाला निकामी करते. अडचण अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही असते. त्वचेचे वर्ण एक ते सहा अशा प्रकारांत मोजण्याची फिट्झपॅट्रिक यांची पद्धत रूढ आहे. तिच्यानुसार बहुतेक मराठी माणसांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. म्हणून गोऱ्या त्वचेच्या देशांतील अनुभव वाचून यंत्र निवडणे आपल्याला परवडत नाही.

निवड प्रकाशाच्या तरंगलांबीवर करायची. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर मेलॅनिनकडून फार जोरात शोषला जातो. उजळ त्वचेवर तो उत्तम, सावळ्या त्वचेवर भाजण्याची शक्यता अधिक. ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड लेसर मधला आहे आणि भारतात सर्वाधिक तोच आढळतो. अनुभवी हातात, चांगल्या शीतकरणासह तो सावळ्या त्वचेवरही चालतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्वचेतील मेलॅनिनला सर्वांत कमी त्रास देऊन खोल जातो. गडद वर्णासाठी, आणि जननेंद्रियांच्या मुळातच गडद असलेल्या त्वचेसाठी तो सर्वांत सुरक्षित मानला जातो; त्याची किंमत म्हणजे वेदना थोडी जास्त आणि बारीक केसांवर परिणाम कमी. आयपीएल हा लेसरच नव्हे. तो अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश असतो, आणि अनेक पार्लरांत त्यालाच ‘लेसर’ म्हणून विकले जाते. सावळ्या त्वचेच्या दाढीसाठी मी तो कोणालाच सुचवणार नाही. घरी वापरायची छोटी यंत्रेही बहुधा आयपीएलच असतात. चांगल्या यंत्रातील संवेदक त्वचा गडद दिसताच प्रकाश सोडत नाही, आणि ज्यात असा संवेदक नाही ते यंत्र घेऊच नये.

केस कायम वाढीच्याच अवस्थेत नसतो. तो वाढतो, थांबतो, गळतो आणि त्या जागी नवा येतो. लेसर फक्त वाढीच्या अवस्थेतील केसांवर काम करतो, म्हणून एका सत्रात सगळे केस जाणे शक्य नसते. चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या आणि अंगासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ सत्रे लागतात. घट्ट दाढीला त्याहून अधिक लागली तर आश्चर्य मानू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेसरसाठी ‘केसांची कायमस्वरूपी घट’ असे शब्द मान्य केले आहेत, ‘कायमचे निर्मूलन’ नव्हे. ‘एकही केस उरणार नाही, हमी’ असे जो सांगतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

लेसर कोठे करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पांढऱ्या, भुऱ्या आणि तांबूस केसांवर त्याचा उपयोग नाही. चाळिशीनंतर संक्रमणाला आरंभ करणाऱ्यांनी यासाठीच घाई करावी: आज काळे असलेले दाढीचे केस दोन-तीन वर्षांत पांढरे झाले, की स्वस्त आणि जलद मार्ग बंद होतो आणि एकेक केस सुईने काढावा लागतो. गालांच्या वरच्या भागावरील, मानेच्या कडेच्या आणि दंडांवरच्या मऊ लवेवरही लेसर करून घेऊ नये. तिथे उष्णता मुळाला मारण्याइतकी पोहोचत नाही, उलट ती लव उत्तेजित होऊन राठ होऊ शकते. दक्षिण आशियाई आणि भूमध्यसागरी वर्णाच्या लोकांत हे अधिक दिसते. ‘पूर्ण चेहऱ्या’च्या सवलतीत हा भाग फुकट मिळत असला तरी तो नाकारावा. तसेच गोंदणावरून लेसर कधीच फिरवू नये. गोंदणाची शाई प्रकाश शोषते आणि तिथली त्वचा भाजते. हनुवटीवर किंवा हातावर गोंदण असेल तर ते पांढऱ्या कागदाने झाकून भोवतालचा भागही सोडायला सांगावे.

हंगामाचाही विचार करावा. कडक उन्हाने रापलेल्या त्वचेवर लेसर केल्यास डाग पडण्याची शक्यता वाढते. जे उन्हात काम करतात, बाजार मागतात (दुकानोदुकानी फिरून पैसे मागतात) किंवा रोज दुचाकीवरून फिरतात, त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला आरंभ करून हिवाळ्याअखेरपर्यंत मुख्य सत्रे उरकावीत, आणि तरीही ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन रोज लावावे. डॉक्टरांना पुढील गोष्टी न लपवता सांगाव्यात: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का, डॉक्सिसायक्लिनसारखे उन्हाची संवेदना वाढवणारे औषध घेता का, ओठांवर नागीण वारंवार येते का, जखमेच्या जागी मांसल वण वाढतो का, गालांत सिलिकॉन किंवा फिलर भरले आहे का. एचआयव्हीची औषधे चालू असणे हे लेसर नाकारण्याचे कारण नाही. तरी तेही सांगितलेले बरे.

सत्राच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी दाढी करून जायचे असते. उपचारानंतर मुळांभोवती लालसर सूज येते, ती काही तासांत किंवा दिवसभरात उतरते. मग एक ते तीन आठवड्यांत जळालेले केस आपोआप बाहेर येतात. ते वाढत आहेत असे वाटून नवख्या व्यक्तीला धास्ती वाटते, पण ते गळत असतात. त्यांना ओढू नये. त्वचा राखाडी पडली, फोड आले किंवा खपली धरली, तर ते नेहमीचे नाही; गार पाण्याच्या घड्या ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पुढचे सत्र त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत घेऊ नये.

इलेक्ट्रोलिसिस

१८७५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यांत टोचणाऱ्या उलट्या पापण्यांचे केस विजेच्या सुईने काढल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत आहे. केसाच्या मुळात अतिशय बारीक सुई सरकवून त्यातून विद्युतप्रवाह सोडला जातो. गॅल्व्हॅनिक प्रकारात मुळाशी तयार होणारा क्षार मुळाला नष्ट करतो, थर्मोलिसिसमध्ये उष्णता ते काम करते आणि ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र असतात. केसाचा किंवा त्वचेचा रंग कोणताही असला तरी ती चालते, आणि ‘कायमचे निर्मूलन’ हे शब्द नियामकांनी याच पद्धतीला दिलेले आहेत.

मग सर्वांनी हीच का घेऊ नये? कारण एका वेळी एकच केस निघतो. पूर्ण दाढीला शंभराहून अधिक तास लागू शकतात आणि ते एक-दोन वर्षांत विखुरलेले असतात. आपल्याकडे ते नीट शिकलेले लोक कमी आहेत. लहान शहरांत बहुधा कोणीच नसतो, आणि दर पंधरवड्याला पुण्या-मुंबईला जाणे प्रत्येकीला झेपत नाही. आणखी एक अडचण क्वचितच कोणी आधी सांगते: सुई नेमकी घालण्यासाठी केस दोन-तीन मिलिमीटर वाढलेला लागतो, म्हणजे सत्रापूर्वी दोन-तीन दिवस दाढी करता येत नाही. जी व्यक्ती स्त्री म्हणून नोकरी करते, लोकलच्या महिला डब्यातून प्रवास करते, तिला चेहऱ्यावर खुंट घेऊन ते दिवस काढणे हे सुईच्या टोचण्यापेक्षा अवघड असते. यावर व्यवहार्य तोड म्हणजे सुट्टीला जोडून सत्र घेणे, मुखपट्टी वापरणे, किंवा प्रत्येक वेळी हनुवटीसारख्या एकाच भागावरचे केस वाढवून उरलेली दाढी करणे.

म्हणून काळी, घट्ट दाढी आणि चालू शकणारी त्वचा असेल, तर आधी लेसरने मोठा भाग उतरवावा आणि मग मागे राहिलेले पांढरे, बारीक आणि चिवट केस इलेक्ट्रोलिसिसने काढावेत, असा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ज्यांची दाढी बरीचशी पांढरी झाली आहे, किंवा ज्यांची त्वचा इतकी गडद आहे की चाचणीतच डाग पडतात, त्यांनी थेट इलेक्ट्रोलिसिसकडे वळावे. दरवेळी नवी, निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई आपल्यासमोर उघडली जाते ना, हे पाहावे. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही यांच्या दृष्टीने हे विचारण्यात संकोच नको.

वेदनेसाठी लिग्नोकेन-प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम तासभर आधी लावून वर प्लास्टिकचे आवरण ठेवतात. ते ओठांवर आणि हनुवटीवर लावणे ठीक. दोन्ही पायांवर किंवा पूर्ण पाठीवर थापणे मुळीच ठीक नाही. मोठ्या भागातून औषध रक्तात उतरले तर हृदयाचे ठोके बिघडणे, झटके येणे, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटणे, असे गंभीर परिणाम होऊ शकतात. किती ग्रॅम आणि किती भागावर, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे केस

योनिनिर्मितीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत शिश्नाची आणि अंडकोशाची त्वचा आत वळवून अस्तर म्हणून वापरली जाते. त्या त्वचेवर केसांची जिवंत मुळे राहिली तर ते केस पुढे आत वाढतात. तिथे ते काढणे अवघड, आणि स्राव, दुर्गंधी, जंतुसंसर्ग यांचा त्रास दीर्घकाळ राहतो. म्हणून कोणत्या भागातील केस जायला हवेत याचा आराखडा शल्यचिकित्सकांकडून आधी काढून घ्यावा आणि तो कागद लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्याला दाखवावा. शेवटच्या सत्रानंतर काही महिने थांबून केस परत येत नाहीत याची खात्री करायची असते, त्यामुळे ठरलेल्या तारखेच्या निदान वर्षभर आधी सुरुवात करावी. शस्त्रक्रियेच्या वेळीच मुळे खरवडून किंवा जाळून टाकण्याचे काही शल्यचिकित्सक सांगतात. त्याने केस कमी होतात, पण आधीच्या उपचाराइतकी खात्री त्यात नसते.

सर्वांना हे लागतेच असे नाही. आतड्याचा भाग वापरून योनी करायची असेल तर आतल्या अस्तरासाठी केस काढण्याचा प्रश्न येत नाही. केवळ बाह्य रचना करून घेणाऱ्यांनाही तो फारसा नसतो. म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रकार ठरण्यापूर्वी या नाजूक जागी वेदनादायक उपचार घेण्यात अर्थ नाही.

ट्रान्स पुरुषांना नेमका येथेच विचार करावा लागतो. शिश्ननिर्मितीसाठी हाताच्या पुढच्या भागाची किंवा मांडीची त्वचा घेतात, आणि तिचा जो भाग गुंडाळून मूत्रमार्ग होतो तिथे केस उरले, तर त्यांभोवती क्षार साचून खडे, अडथळा आणि वारंवार संसर्ग होऊ शकतो. टेस्टोस्टेरॉन चालू असल्याने हातांवर आणि मांड्यांवर केस सतत वाढत असतात, त्यामुळे सत्रे अधिक लागतात. कोणता हात वापरायचा हे रक्तवाहिन्यांच्या तपासणीनंतर ठरते, तोपर्यंत थांबावे. हातावर गोंदण असेल तर तेही त्या वेळी सांगावे.

दवाखाना आणि पैसे

जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या, पारलिंगी (ट्रान्स) व्यक्तींच्या आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपाथ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीतील मार्गदर्शक तत्त्वांत चेहरा, अंग आणि जननेंद्रियांवरील केस काढणे हा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांचा भाग मानला आहे. आपल्या २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १५ मध्ये सर्वसमावेशक विम्याबद्दल बोलताना शस्त्रक्रिया आणि संप्रेरकोपचार यांच्याबरोबर लेसर उपचाराचाही उल्लेख होता, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाशी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणासाठी करारही केला. तरी खासगी विमा कंपन्या केस काढण्याला सौंदर्योपचार म्हणून सहज नाकारतात. दावा करायचाच असेल तर उपचार लिंगभावाच्या विसंगतीसाठी किंवा शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीसाठी आहे, असे डॉक्टरांचे पत्र आधी घ्यावे आणि कंपनीचे उत्तर लेखी मागावे. कल्याण आणि पुणे येथील ‘मित्र’ क्लिनिकांसारख्या पारलिंगी व्यक्तींसाठीच चालवल्या जाणाऱ्या जागा २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबताच बंद झाल्या, त्यामुळे बहुतेकींना आता सरकारी रुग्णालयाचा त्वचारोग विभाग किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडेच जावे लागते.

फोनवर वेळ घेतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. यंत्र कोणते आणि तरंगलांबी किती. उपचार करताना डॉक्टर जागेवर असतात का. सावळ्या त्वचेच्या दाढीवर काम केले आहे का. चाचणी म्हणून लहान भागावर आधी करून पाहतील का. प्रतीक्षाकक्षात कागदपत्रावरचे जुने नाव मोठ्याने पुकारले जाऊ नये, हवे ते नाव वापरावे, अशी विनंतीही याच फोनवर करावी. या विनंतीला मिळणाऱ्या उत्तरावरून त्या जागेचा पुष्कळसा अंदाज येतो. यंत्राचे नाव सांगायला जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडे जाऊ नये.

बारा सत्रांचे पैसे एकदम भरायला लावणाऱ्या ‘पॅकेज’पासून सावध राहावे. चाचणीच्या भागावर निदान दोन आठवडे डाग पडत नाही हे पाहून, सुरुवातीला दोन-तीन सत्रांचेच पैसे भरावेत. पहिल्या सत्रापूर्वी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, दाढी केल्यानंतर दोन दिवसांनी चेहऱ्याची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि प्रत्येक सत्रापूर्वी तशीच पुन्हा काढावीत. तीन सत्रांनंतर ती शेजारी ठेवून पाहिली असता घनता स्पष्टपणे कमी झालेली दिसत नसेल, तर तीव्रता वाढवायची, तरंगलांबी बदलायची की इलेक्ट्रोलिसिसकडे जायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आणि कारण विचारल्यावर केवळ ‘अजून चार सत्रे घ्या’ एवढेच उत्तर आले तर जागा बदलावी.